शब्दांचा प्रवास : हॉब्सन-जॉब्सन

इंग्रजी शब्दकोशात ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा शब्द आहे. ऐकताना दोन गोऱ्या साहेबांची आडनावे वाटतात, आणि ही दोन्ही आडनावे इंग्लंडात आहेतही. शब्द मात्र निघाला मोहर्रमच्या मिरवणुकीतून. ‘या हसन! या हुसैन!’ ही ती मूळ हाक.

हिजरी ६१ मध्ये, म्हणजे इ.स. ६८० साली, दहा मोहर्रमला करबलाच्या मैदानात हजरत इमाम हुसैन (रजि.) शहीद झाले. त्या शोकात, छाती पिटत दिलेली ही हाक हिंदुस्थानात आलेल्या इंग्रजांच्या कानी पडली. जॉन फ्रायर हा इंग्रज डॉक्टर १६७०च्या दशकात सुरत, मुंबई, जुन्नर या भागात वावरला. १६९८ साली छापलेल्या त्याच्या प्रवासवर्णनात ती ‘होसीन गोसीन’ झाली आहे, दुसऱ्या ठिकाणी ‘हॉसी गॉसी’! हा दहा दिवसांचा दुखवटा आहे, एवढे मात्र त्याला कळले होते. पुढे गोऱ्या सोजिरांच्या तोंडी तिचे ‘हॉब्सन-जॉब्सन’ झाले. अनोळखी आवाज ऐकला की जीभ ओळखीचे नाव शोधते, ते हे असे.

हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांनी हिंदुस्थानी मुलखात रुळलेल्या इंग्रजी शब्दांचा मोठा कोश केला. बर्नेल १८८२ साली वारले; कोश १८८६ साली निघाला. पायजमा, आया, लष्कर असे आपल्या घरादारातले शब्द त्यात आहेत. त्याचे नाव ठेवले ‘हॉब्सन-जॉब्सन’. असे अपभ्रंश कसे होतात याचा हा उत्तम नमुना, शिवाय दोन नावांतून दोन लेखकही सूचित होतात, असे यूल प्रस्तावनेत सांगतात. भाषाशास्त्रात तर अशा बदलाला ‘हॉब्सन-जॉब्सनचा नियम’ म्हणू लागले.

आपणही हेच केले आहे म्हणा. ‘सोल्जर’चा सोजीर, ‘लॉर्ड’चा लाटसाहेब, पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चे तर शिपायांनी झकास ‘हुकुमदार’ करून टाकले. पण लाटसाहेब म्हणताना कुणाच्या मातमची थट्टा होत नव्हती. यूल विद्वान माणूस. कोशात त्यांनी मूळ हाक आणि तिचा अर्थ प्रामाणिकपणे नोंदवला आहे. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर मात्र गमतीचेच नाव राहिले. १९०३ साली विल्यम क्रुक यांनी सुधारित आवृत्ती काढली, तीही त्याच नावाने.