शस्त्रखरेदीच्या टेबलावर वैमानिक हवा

संरक्षण खरेदी हा शब्द कानांवर पडला की आपल्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांसमोर प्रथम दलाल उभा राहतो, मग मंत्री, आणि सैनिक सर्वांत शेवटी. हे चित्र बोफोर्सने पक्के केले. १९८६ साली घेतलेल्या त्या तोफेने १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर आपले काम चोख बजावले. पण दलालीच्या चिखलाचे शिंतोडे दिल्लीच्या कारभारावर असे उडाले की पुढे कोणत्याही मोठ्या कागदावर सही करायला कुणाचा हात धजेना. नव्या हॉवित्झर तोफांचा मोठा परदेशी करार झाला तो थेट नोव्हेंबर २०१६ मध्ये. भ्रष्टाचाराने देशाचे जेवढे नुकसान केले, त्याहून कमी नुकसान या भीतीने केलेले नाही.

पण दलाल आणि भयग्रस्त बाबू या दोघांपलीकडे तिसरा एक माणूस असतो. त्याची बातमी होत नाही. तो गणवेशातला असतो आणि शस्त्र वापरणारा व शस्त्र घडवणारा यांच्या मधल्या जागेत आयुष्याची उमेदीची वर्षे घालवतो. एअर मार्शल फिलिप राजकुमार हे त्यांपैकी एक. महाराष्ट्रात हे नाव फारसे परिचित नाही, आणि यात दोष त्यांचा नव्हे.

चाचणी वैमानिक म्हणून मुरलेले हे अधिकारी १९९४ मध्ये बंगळुरूच्या एरोनॉटिकल डेव्हलपमेंट एजन्सीत दाखल झाले आणि २००३ पर्यंत तेथे राहिले. हलक्या लढाऊ विमानाच्या उड्डाण चाचण्यांची सारी उभारणी त्यांच्या नेतृत्वाखाली झाली. त्या वेळची परिस्थिती समजून घेतली पाहिजे. प्रकल्पाला मंजुरी १९८३ ची, एजन्सीची स्थापना १९८४ ची. त्यापूर्वी स्वदेशात आखलेले लढाऊ विमान म्हणजे ‘मरुत’. त्याने पहिली झेप घेतली जून १९६१ मध्ये, तीही कुर्ट टँक या जर्मन अभिकल्पकाच्या मार्गदर्शनाखाली. मधल्या काळात विमान आखणाऱ्यांची एक पिढी निवृत्त झाली आणि दुसरी घडलीच नाही. साहजिकच हवाई दलाला शास्त्रज्ञांचा भरवसा वाटत नव्हता, आणि हवाई दलाला परदेशी मालाचाच सोस आहे, अशी शास्त्रज्ञांची समजूत होती. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य होते, म्हणून तर भांडण मिटत नव्हते.

अशा ठिकाणी वैमानिकाची गरज काय असते? तेजसची रचना मुद्दामच अस्थिर ठेवलेली आहे. ते चपळ व्हावे यासाठी ही युक्ती; पण असे विमान केवळ माणसाच्या हाताने सावरता येत नाही. चार समांतर मार्गांनी चालणारी संगणकीय नियंत्रणप्रणाली क्षणोक्षणी त्याला सावरत असते. या प्रणालीत चूक राहिली तर काय होते, हे विमानविद्येत मुरलेल्या स्वीडनने अनुभवले आहे. त्यांचे ग्रिपेन १९८९ आणि १९९३ अशा दोन वेळा नियंत्रणप्रणालीतील दोषामुळे कोसळले. आपल्याकडे पहिल्या उड्डाणाला उशीर झाला म्हणून वृत्तपत्रांतून बरीच टिंगल झाली. त्या उशिरातला काही भाग ढिलाईचा होता हे खरे. पण काही भाग शहाणपणाचाही होता. कागदावरचे गणित आणि आकाशातले विमान यांतील अंतर ज्याने स्वतःच्या देहाने मोजले आहे, तोच ‘अजून नाही’ हे शब्द ठामपणे उच्चारू शकतो.

त्यातच मे १९९८ उजाडला. पोखरणनंतर अमेरिकेने निर्बंध लादले आणि याच नियंत्रणप्रणालीवर तेथे काम करणाऱ्या आपल्या शास्त्रज्ञांना परत यावे लागले. उरलेले काम बंगळुरूत पुरे झाले. ४ जानेवारी २००१ रोजी विंग कमांडर राजीव कोठियाल यांनी १८ मिनिटांचे पहिले उड्डाण केले. ४ मे २००३ रोजी पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांनी विमानाचे ‘तेजस’ असे नामकरण केले आणि त्याच वर्षी १ ऑगस्टला त्याने ध्वनीचा वेग ओलांडला. पहिल्या उड्डाणानंतर तेवीस वर्षे एकही तेजस कोसळले नाही. पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईत विंग कमांडर नमांश स्याल यांना वीरमरण आले, ती वेदना मोठी आहे. पण चाचण्यांच्या काळातील ती निष्कलंक नोंद त्यामुळे पुसली जात नाही. राजकुमार यांनी २००८ मध्ये ‘द तेजस स्टोरी’ या पुस्तकात ही हकिगत लिहून ठेवली, हेही बरेच झाले. आपल्याकडे अधिकारी निवृत्त होतो आणि त्याच्याबरोबर त्याचे ज्ञानही पेन्शनीत निघते.

खरे दुखणे येथेच आहे. कारगिलनंतर, २००१ मध्ये, वाजपेयी सरकारने संरक्षण मंत्रालयात स्वतंत्र खरेदी विभाग उभा केला, पुढल्या वर्षी खरेदीची लेखी कार्यपद्धती आली. पाऊल योग्य दिशेने होते. पण त्या खुर्च्यांवर बसणारी माणसे दोन-तीन वर्षांत बदलतात. फाइलचे बारकावे समजू लागले की बदलीचा हुकूम येतो. गणवेशातल्या अधिकाऱ्यालाही आणि सनदी अधिकाऱ्यालाही. समोर बसलेल्या परदेशी कंपनीचा माणूस मात्र वीस वर्षे तेच काम करत असतो. अशा सौद्यात कोण कोणाला गुंडाळणार, हे सांगायला ज्योतिषी नको. राजकुमार यांच्यासारखी नऊ वर्षे सलग मिळणे हा आपल्याकडे अपवाद. तो नियम व्हायला हवा होता.

नौदलाने हे फार पूर्वी ओळखले. १९६० च्या दशकातच त्याने स्वतःचा जहाज-अभिकल्प विभाग उभारला आणि आपले अधिकारी त्यात मुरू दिले. १९७२ मध्ये मुंबईच्या माझगाव गोदीतून ‘निलगिरी’ नौदलात दाखल झाली, ती ब्रिटिश आराखड्यावर. पुढे आराखडेही आपलेच झाले. जहाज बिघडले तर नौदल कुणाकडे बोट दाखवू शकत नाही, कारण ते त्याचेच अपत्य असते. हवाई दल मात्र दीर्घकाळ ग्राहकाच्या भूमिकेत राहिले. महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालात पहिल्या आवृत्तीच्या तेजसला द्याव्या लागलेल्या ५३ सवलतींची नोंद आहे. हा दोष केवळ बनवणाऱ्यांचा म्हणता येत नाही.

फेब्रुवारी २०२५ मध्ये हवाई दलप्रमुख ए. पी. सिंग यांनी हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विलंबाबद्दल उघड नाराजी व्यक्त केली, तेव्हा काहींना ती परदेशी विमानांची वकिली वाटली. हेच सिंग एकेकाळी बंगळुरूच्या राष्ट्रीय उड्डाण चाचणी केंद्रात तेजसच्या चाचण्यांची जबाबदारी सांभाळत होते, हे टीकाकारांच्या गावीही नव्हते. घरच्या माणसाचा राग आणि परक्याची निंदा यांत फरक असतो. स्वदेशीच्या नावाखाली दिरंगाई पोसणे ही स्वदेशीची सेवा नव्हे, आणि हे राष्ट्रवादी विचाराच्या माणसांनीच अधिक स्पष्टपणे बोलले पाहिजे. फेब्रुवारी २०२१ मध्ये ८३ विमानांचा आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा करार झाला. त्याच सप्टेंबरात मिग-२१ ने चंदीगडला अखेरचा निरोप घेतला. करारांची संख्या वाढली म्हणून रिकाम्या झालेल्या स्क्वाड्रन भरत नाहीत.

१७ ऑक्टोबर २०२५ रोजी नाशिकजवळच्या ओझर येथे बांधलेले पहिले तेजस मार्क-१ए आकाशात झेपावले. जेथे पूर्वी मिग आणि सुखोई यांची जुळणी परदेशी आराखड्यांवरून होई, तेथे आता आपल्या आराखड्याचे विमान बनते. त्याचे इंजिन मात्र अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकचे आहे आणि कारखान्याचे वेळापत्रक त्या इंजिनांच्या पुरवठ्याला बांधलेले आहे. त्याच्यासाठी आखलेल्या ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये मंजूर झाला होता. २००८ मध्ये तो तेजसपासून वेगळा करण्यात आला.