बढती नाकारणारीला ठिकाण आधी सांगा

मा. अध्यक्ष,
इंडियन बँक्स असोसिएशन, मुंबई



एका सरकारी बँकेत चौतीस वर्षे नोकरी करून मी निवृत्त झाले. क्लार्क म्हणून लागले, स्केल टूवर, म्हणजे मॅनेजरपदावर, थांबले. मध्ये दोनदा लेखी परीक्षा आणि मुलाखत पार करूनही मी बढती नाकारली. दोन्ही पत्रांत एकच वाक्य होते: 'कौटुंबिक अडचणीमुळे पदोन्नती स्वीकारू शकत नाही.' पुढे मॅनेजर झाल्यावर शाखेतल्या इतर जणींची अशीच पत्रे मी माझ्या सहीने रिजनल ऑफिसला पाठवली. वाक्य तेच, नाव तेवढे वेगळे.

पहिल्या वेळी माझे पोस्टिंग रायपूरच्याही पुढे होते. घरी मुलीची दहावी आणि अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई. त्याच वर्षी माझ्या यजमानांनी त्यांच्या खात्यात बढती घेतली आणि ते नांदेडला गेले. मुलांचे काय, असे त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची गरजच नव्हती, मुले माझ्याजवळ होती. बदलीसकट बढती त्यांना घेता आली, कारण मी माझी सोडली होती. बँकेच्या फाइलीत मात्र माझी नोंद 'अनिच्छुक' अशी झाली आणि पुढची काही वर्षे परीक्षेलाही बसता आले नाही.

1993 मध्ये तर्जनी वकील एक्झिम बँकेच्या प्रमुख झाल्या, 2013 मध्ये अरुंधती भट्टाचार्य स्टेट बँकेच्या. आम्हाला त्यांचा मनापासून अभिमान आहे. पण काउंटरवरच्या बाईची वाट पहिल्या-दुसऱ्या बढतीलाच अडते, तिथे त्यांचे उदाहरण पुरत नाही.

तुमच्या हातात काय आहे हे मला ठाऊक आहे. 8 मार्च 2024 रोजी, महिलादिनीच, तुम्ही कर्मचारी संघटनांशी केलेल्या बाराव्या द्विपक्षीय करारावर सह्या झाल्या. बायकांना महिन्यातून एक दिवस डॉक्टरच्या दाखल्याशिवाय आजारपणाची रजा मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अर्थ मंत्रालयाने महिलांना शक्यतो जवळच्या ठिकाणी नेमावे, असे सरकारी बँकांना सुचवले. पण या 'शक्यतो'वर भरवसा ठेवून घर चालवता येत नाही.

म्हणून मागते ते एवढेच. बढतीचा होकार घेण्याआधी ठिकाण सांगा. पहिल्या दोन बढत्यांसाठी उमेदवाराला, बाई असो वा पुरुष, जिल्ह्यांचा पसंतिक्रम देऊ द्या आणि तो पाळा. किती जणींना बढती देऊ केली, किती जणींनी नाकारली आणि पोस्टिंग कुठले होते, ही माहिती दर वर्षी प्रत्येक बँकेकडून मागवून छापा. नकाराची शिक्षा म्हणून परीक्षेची दारे बंद करणे तर आजच थांबवा.

परवा माझ्या जुन्या शाखेतल्या एका मुलीचा फोन आला. यादीत तिचे नाव आहे, पोस्टिंग अजून यायचे आहे. नकाराचे पत्र कसे लिहायचे, असे ती विचारत होती. मी तिला थांबायला सांगितले आहे.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी