गळलेल्या नोंदींचा आकडा

माझा भाचा एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. दिवाळीत म्हणाला, "अगं मावशी, लोड वाढला की ट्रेसमधल्या दोन-चार टक्के नोंदी गळणारच. त्याने काही बिघडत नाही." मंडळी, मला हे साफ अमान्य आहे. निवृत्तीनंतर हौसेने लिनक्स शिकलेल्या मराठीच्या बाईंनी यात कशाला पडावे, असे ज्यांना वाटेल त्यांनी पुढे वाचू नये :-)

ट्रेस म्हणजे यंत्र चालू असताना आत काय घडले याची वेळेसकट नोंद. कोणी फाइल उघडली, कोण डिस्कसाठी किती थांबले. नोंदी आधी मेमरीतल्या बफरमध्ये पडतात, मग दुसरा प्रोग्राम त्या उचलून डिस्कवर लिहितो. ताण आला की नोंदी वाढतात आणि नेमका तेव्हाच उचलणाऱ्याला सीपीयूचा वेळ मिळत नाही. बफर भरतो, गळती सुरू.

म्हणजे गळती सगळीकडे सारखी नसते हो! शाळा सुटताना फाटकावर एकाला वही घेऊन बसवा. रेंगाळत येणाऱ्या पोरांची नावे नीट लिहिली जातील, घंटेनंतरच्या लोंढ्यातली राहतील. मग वही दाखवून म्हणायचे, फाटकावर गर्दी होतच नाही! ते दोन टक्के सबंध दिवसाचे. ज्या अर्ध्या सेकंदासाठी ट्रेस घेतला, त्यातले कदाचित सगळेच गेलेले असतील. नमुना पाहणीत काय सोडायचे ते आपण आधी ठरवतो, इथे ते गर्दी ठरवते.

भाच्याच्याच ऑफिसात अशा ट्रेसवरून डेटाबेस पाहणाऱ्या एका मुलीवर ठपका आला. डिस्कचा उशीर ट्रेसमध्ये दिसत नाही, म्हणजे हिची क्वेरीच वाईट. किती नोंदी हरवल्या, हे कोणी पाहिलेच नव्हते.

आणि हा आकडा काही गुप्त नसतो. सोलारिस १० बरोबर २००५ साली आलेला डीट्रेस कोणत्या सीपीयूवर किती नोंदी गळल्या ते तोंडावर सांगतो. लिनक्सचा पर्फ किती तुकडे हरवले ते सांगून वर ताण तपासायला बजावतो. एफट्रेसमध्ये दर सीपीयूची वेगळी आकडेवारी असते, त्यात 'ओव्हररन' बघावे. हत्यारे करणारे प्रामाणिक आहेत, वापरणारे तेवढी ओळ खाली सरकवतात.

"मग काय प्रोग्राम थांबवून लिहायचे?" असे कोणी विचारील. नाही. एसट्रेस तसेच करतो, दर सिस्टिम कॉलला प्रोग्राम अडवतो. तो इतका मंदावतो की मूळ दुखणेच कधी कधी दिसेनासे होते.

माझे म्हणणे आहे, मुळात लिहायलाच कमी ठेवा. नको त्या घटना कर्नलमध्येच गाळा. डिस्कने किती वेळ लावला एवढेच हवे असेल तर लाखो ओळी बाहेर कशाला ओढता? डीट्रेस किंवा ईबीपीएफ आतल्या आत मोजणी करून वीसेक ओळींचा तक्ता देतात. बफर आधीच वाढवा. मात्र एफट्रेसमधला आकडा दर सीपीयूचा असतो. ६४ सीपीयूंवर ६४ एमबी म्हणजे ४ जीबी मेमरी गेली! जी डिस्क मंद आहे असा संशय, तिच्यावरच ट्रेस लिहू नका. आणि ट्रेस लिहिणाऱ्या प्रोग्रामला नोंदीतून वगळा, नाहीतर तो स्वतःच्या लिहिण्याच्याच नोंदी करत बसतो.

बफर भरल्यावर काय टाकायचे तेही आधी ठरवा. एफट्रेस न सांगता जुन्या नोंदींवर नव्या लिहितो. यंत्र कोसळण्याआधीचे शेवटचे क्षण हवे असतील तर ते उत्तम. सुरुवात हवी असेल तर उलटे सांगावे लागते.

एवढे करूनही काही गळेल. गळू दे. पण अहवालाच्या पहिल्या पानावर, निष्कर्षाच्या वर, किती गळले आणि कोणत्या क्षणी ते छापा. बिघाडाच्या क्षणाचीच नोंद नसेल तर त्या ट्रेसवरून कोणाचे नाव घेऊ नका, पुन्हा घ्या.