पाठांतर की व्युत्पत्ती?

संगणकाच्या तासाला एका विद्यार्थ्याची वही आमच्या पाहण्यात आली. 'कॅट' या आज्ञेपुढे त्याने 'मांजर' असा अर्थ लिहिला होता आणि 'ग्रेप'पुढे 'द्राक्ष'. आम्हांस हसू आले. परंतु त्याचे उत्तर ऐकताच ते मावळले. मान खाली घालून तो म्हणाला, "सर, आम्ही मराठी शाळेतली मुलं. हे इंग्रजी आम्हांला कसं कळणार?"

हा न्यूनगंड निराधार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. केवळ इंग्रजी येते म्हणून इंग्लंडातील मुलालाही 'ग्रेप'चा अर्थ कळत नाही. तो कळतो त्या नावाचा इतिहास जाणल्याने.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली केन टॉम्प्सन व डेनिस रिची यांनी 'युनिक्स' ही कार्यप्रणाली रचण्यास प्रारंभ केला. त्या काळी संगणकाशी व्यवहार चाले तो टेलिटाइप यंत्राद्वारे. त्यावर कागदावर सेकंदास अवघी १० अक्षरे उमटत. साहजिकच आज्ञांची नावे तोकडी झाली. 'कॅट' हे 'कॅटिनेट' या शब्दाचे संक्षिप्त रूप असून त्याच्या मुळाशी साखळी या अर्थाचा लॅटिन शब्द आहे. फायली साखळीप्रमाणे एकीपुढे एक जोडून दाखविणारी ती आज्ञा होय. 'ग्रेप' हे नाव 'ईडी' या जुन्या संपादन-साधनातील आज्ञेवरून आले. 'जी' म्हणजे सर्वत्र, 'आरई' म्हणजे शोधावयाचा अक्षरांचा नमुना आणि 'पी' म्हणजे छापा. तो नमुना ज्या ज्या ओळीत आढळेल ती ती ओळ छापा, असा तिचा अर्थ. आज अक्षरे पडद्यावर उमटतात, तरी त्या नावातील 'छापा' कायम आहे. आपल्याही पुस्तकाचे 'पान' झाडावरूनच आलेले नाही काय?

'ऑक' हे नाव तर आहो, वाइनबर्गर व कर्निगन या तिच्या तीन कर्त्यांच्या आद्याक्षरांचे आहे. 'निर्माण करा' या अर्थाच्या 'क्रिएट' शब्दातील शेवटचा 'ई' युनिक्समध्ये गाळलेला आहे; पुन्हा रचना केल्यास तो 'ई' परत घालीन, असे टॉम्प्सन यांनी पुढे विनोदाने म्हटल्याचे प्रसिद्ध आहे. सारांश, ही नावे म्हणजे वेदवाक्ये नव्हेत. आपल्यासारख्याच माणसांनी सोयीसाठी, कधी घाईने, तर कधी गमतीने ती ठेविली आहेत.

परीक्षेत व्युत्पत्तीस गुण नसतात, मग वेळ का दवडावा, असा आक्षेप काही पालक घेतील. तो अगदीच गैर नाही. तथापि अर्थ न जाणता घोकलेली आज्ञा परीक्षेनंतर विस्मरणात जाते. समजलेली आज्ञा घोकावीच लागत नाही.

आमची घरची भाषा कोकणी, शिक्षणाची मराठी. घरी 'कित्याक?' म्हणून विचारलेला प्रश्न आम्ही शाळेत 'का?' म्हणून विचारीत आलो. विद्यार्थिमित्रांनो, संगणकापुढे बसतानाही तोच प्रश्न निःसंकोचपणे विचारा. तो विचारण्यास कोणतीही भाषा अपुरी पडत नाही.