आधी हुक, मग लटकन

आधीच सांगून ठेवते, आज मला भांडायचं आहे.

परवा आरमोरीला नात्यातलं लग्न होतं. चंद्रपूरहून मूल, गडचिरोली करत आम्ही सगळे वेळेवर पोचलो. मावशीनं या लग्नासाठी खास कोशाचं ब्लाउज शिवून घेतलं होतं. पाठीवर दोन एवढाली लटकनं, बाह्यांना आरसे, गळ्याला मोत्यांची लेस. अक्षता पडायच्या आत समोरचे दोन हुक सुटले आणि तिसरा तर कापड घेऊनच बाहेर आला! पंगत उठेपर्यंत मावशी तीन सेफ्टी पिनांच्या भरवशावर पदर लपेटून बसली. सगळे हसले. मीही हसले. घरी येताना मात्र राग यायला लागला.

तिची पावती पाहिली. शिलाई ४५० रुपये, लटकन १५०, आरसे आणि लेस ३००. आणि हुक? "ते शिलाईतच धरलेत, ताई." म्हणजे जे दिसतं त्याचे वेगळे पैसे, आणि ज्याच्यावर अख्खं ब्लाउज अंगावर टिकतं ते फुकटात. माझं भांडण इथेच आहे.

नातेवाइकांना माहीत आहे, माझी आई कित्येक वर्षं चंद्रपुरात दुकानांची काज-बटणं घरी आणून करायची. डझनावर पैसे मिळायचे, तेही महिनाअखेरीस. मशीनवर बसणारा तो 'टेलर', आणि शर्ट पुरा करणारी ती 'हातकामवाली बाई'. शिवणकाम बायकांचं म्हणतात ना? मग पाटीवर नाव पुरुषाचं आणि सुईदोरा बाईच्या हातात, हे कसं काय बुवा?

आणि हे काम सोपंही नाही. हुकाच्या मागच्या दोन कड्या तर टाचायच्याच, पण पुढे मानेखालीही दोन टाके घ्यायचे. नाही तर हुक डोकं वर काढतो आणि ताण आला की सुटतो. समोरच्या घरासाठी चार-पाच दोरे आडवे घेऊन त्यांच्यावर काजटाका भरायचा. बटण कापडाला चिकटवून शिवायचं नाही. मध्ये आगकाडी ठेवायची, टाके झाले की ती काढून खाली दोऱ्याचे चार वेढे द्यायचे. म्हणजे काजाच्या जाडीला जागा मिळते आणि कापड चुरगळत नाही. एका ब्लाउजाच्या सहा-सात हुकांना आणि घरांना अर्धा-पाऊण तास सहज लागतो.

कोशाला तर आणखी जपावं लागतं. आपल्याकडच्या जंगलात ऐन-अर्जुनाच्या झाडांवर हे किडे वाढतात. ढीवर समाजातल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम केलं आहे. पाखरांपासून, मुंग्यांपासून राखण करून कोश उतरवायचे, मग सूत, मग माग. हातमागावरच्या या कापडाचे धागे ताणानं सरकतात, कापलेली कड लगेच उसवते. म्हणून हुकाच्या पट्टीला आतून सुती कापडाचा दुहेरी आधार लागतोच. मावशीच्या ब्लाउजात तो नव्हता. इतक्या जणांची मेहनत दहा रुपयांच्या अस्तरापायी फाटली!

कोणी म्हणेल, आता मशीन क्षणात बटण लावतं, कशाला हा जुना हट्ट? पुष्कळशा तयार शर्टांची बटणं एकेरी दोऱ्याच्या साखळी टाक्यानं लावलेली असतात. शेवटचं टोक सुटलं की दोरा सरसर निघतो आणि बटण हातात. मशीनशी माझं वैर नाही. मागून एक गाठ मारायला माणूस ठेवत नाहीत, त्याच्याशी आहे.

दुसरं म्हणणं जास्त खरं आहे : गिऱ्हाइकालाच लटकन हवं असतं. कबूल! यात आपणही दोषी आहोत. आपण ब्लाउज आरशासमोर धरून बघतो, उलटं करून बघत नाही. लटकनाचे १५० निमूट देतो आणि हुक लावणारीच्या दहा रुपयांवर घासाघीस करतो. शिवणाच्या वर्गातल्या मुलीही मग तेच शिकणार. आरसे, टिकल्या, गोंडे आधी, काज जमलं तर जमलं.

मला नटण्याचं वावडं नाही हो. पण पुढच्या वेळी कपडा घेताना तो उलटा करा, प्रत्येक हुक जरा ओढून बघा, आणि काज-हुकांचे पैसे पावतीवर वेगळे लिहायला सांगा. ते हातकाम करणारीला मिळतात का, हेही विचारा. दुकानदार वैतागेल. वैतागू द्या.

मावशीचं ब्लाउज सध्या माझ्याकडे आहे. आतून सुती पट्टी लावली, सातही हुक नव्यानं टाचले. आई शेजारी बसून बघत होती. पाचवा हुक तिनं उसवायला लावला, "मानेखाली टाका कुठं हाये?" म्हणून.

लटकनं मात्र मावशीनं काढू दिली नाहीत.