शिट्टी वाजते तेव्हा

दिवाळीची सुट्टी लागली की पुण्या-मुंबईच्या गाड्या कोकणाच्या वाटेला लागतात. मग नाताळ, मग जोडून आलेल्या सुट्ट्या, मग मे महिना. काशीद, मुरुड, हरिहरेश्वर, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली, किनारा कोणताही असो, पहिला अर्धा तास सगळीकडे सारखाच असतो. चपला हातात येतात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली जाते आणि ‘नुसते पाय भिजवू’ म्हणणारी मंडळी बघता बघता कंबरभर पाण्यात उभी असतात. तेवढ्यात शिट्टी वाजते. उन्हाने रापलेला एक मुलगा हात हलवून मागे बोलावत असतो. ‘दादा, मागे या. पाण्याला ओढ आहे.’ त्यावर ठरलेले उत्तर मिळते, ‘अरे, आम्हाला पोहता येतं!’

हा मुलगा म्हणजे जीवरक्षक. बहुतेकदा तो त्याच गावचा असतो आणि अनेक ठिकाणी तो हंगामापुरता, रोजंदारीवर किंवा कंत्राटावर नेमलेला असतो. पर्यटकांना तो मजेत खोडा घालणारा वाटतो, तर कागदोपत्री तो एक किरकोळ खर्च असतो. प्रत्यक्षात तो आरोग्यसेवेतला माणूस आहे. रुग्ण रुग्णवाहिकेपर्यंत पोहोचण्याच्या आधीची काही मिनिटे त्याच्या हातात असतात आणि बुडण्याच्या बाबतीत सगळे काही त्या मिनिटांतच ठरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख माणसे बुडून मरण पावली. यातले नव्वद टक्क्यांहून अधिक मृत्यू अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतले होते. भारतात राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत दरवर्षी तीस हजारांहून अधिक माणसे बुडून गेल्याची नोंद होते. त्यात विहिरी, तळी, नद्या, कालवे असे सगळेच आले. समुद्राचा वाटा त्यातला एक भाग. पण समुद्रकिनाऱ्याचे एक वेगळेपण आहे. तिथे माणसे आनंदासाठी, ठरावीक दिवसांत, ठरावीक जागी, गर्दीने जातात. म्हणजे धोका कुठे आणि केव्हा असेल, हे आधीच माहीत असते. माहीत असलेल्या धोक्यावर पहारा ठेवता येतो.

हा पहारा डोळ्यांचा असतो आणि तो वाटतो तितका सोपा नाही. बुडणारा माणूस हात उंचावून ‘वाचवा, वाचवा’ ओरडतो, हे आपल्याला सिनेमाने शिकवले. खरे बुडणे बहुतेक वेळा मुकाट असते. न्यूयॉर्कच्या ऑर्चर्ड बीचवर अनेक वर्षे जीवरक्षक असलेल्या फ्रँक पिया यांनी बुडणाऱ्या माणसांचे प्रत्यक्ष चित्रीकरण करून ते अभ्यासले. त्यांना दिसले ते असे : तोंड पाण्याखाली जाते, क्षणभर वर येते, पुन्हा खाली जाते. वर आल्यावर मिळणारा वेळ जेमतेम एका श्वासाचा असतो. त्यात ओरडणार कसे? हात आपोआप दोन्ही बाजूंना पसरून पाणी खाली दाबत राहतात, म्हणून हात हलवून कुणाला बोलावताही येत नाही. शरीर उभे राहते, पाय जवळजवळ हलत नाहीत. हा झगडा २० ते ६० सेकंद चालतो, मग माणूस दिसेनासा होतो. शेजारी उभ्या असलेल्या मित्राला वाटते, हा मजा करतोय. किनाऱ्यावरून फोटो काढणाऱ्या वडिलांनाही तसेच वाटते. फरक ओळखतो तो शिकलेला डोळा.

दुसरी गोष्ट ओढीची. लाटा वाळूच्या उंचवट्यांवर फुटून किनाऱ्याकडे पाणी ढकलत राहतात. ते पाणी परत जायला वाट शोधते आणि उंचवट्यांमधली खोलगट जागा सापडली की तिथून अरुंद, वेगवान प्रवाह बनून समुद्राकडे धावते. यालाच रिप करंट म्हणतात. त्याचा वेग कधी कधी सेकंदाला दोन मीटरहून जास्त होतो. पट्टीचा पोहणारासुद्धा त्याच्याविरुद्ध टिकत नाही. गोम अशी की, या जागी लाटा कमी फुटतात, त्यामुळे पाणी शांत दिसते. आजूबाजूला फेस असतो आणि मधला पट्टा गडद, निवांत वाटतो. नवखा माणूस मुलांना घेऊन नेमका तिथेच उतरतो. ओहोटीच्या सुमारास ही ओढ बहुधा वाढते. खाडीच्या मुखाशी तर ओहोटीचे पाणी वेगळ्याच जोराने बाहेर पडत असते. ‘ओहोटीला पाण्यात जाऊ नका’ असे गावातली जुनी माणसे सांगतात, त्यामागे हे शास्त्र आहे. वाळूचे उंचवटेही जागचे हलतात. कालची सुरक्षित जागा आज सुरक्षित असेलच असे नाही. म्हणून जीवरक्षकाला रोज सकाळी समुद्र नव्याने वाचावा लागतो आणि मगच झेंडे रोवावे लागतात.

ओढीत सापडलेल्या माणसाला पाणी खाली खेचत नाही, आत नेते. जीव जातो तो किनाऱ्याकडे पोहण्याच्या धडपडीत दमल्यामुळे. अशा वेळी प्रवाहाशी झुंजू नये. पाठीवर तरंगावे, श्वास सांभाळावा, हात वर करून मदत मागावी आणि जमल्यास किनाऱ्याला समांतर पोहून प्रवाहाबाहेर पडावे. तलावात किंवा विहिरीत पोहायला शिकलेल्याला हे कुणी शिकवलेले नसते. ‘आम्हाला पोहता येतं’ हे उत्तर समुद्रावर अपुरे पडते ते यामुळेच.

धोका फक्त पावसाळ्यात असतो, हाही एक समज. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरुडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. फेब्रुवारी हा कोकणात निरभ्र आकाशाचा महिना. त्या दिवसानंतर शैक्षणिक सहलींच्या नियमांवर बरीच चर्चा झाली. किनाऱ्यावर पहाऱ्याला कोण असते, किती वेळ असते, त्याच्याजवळ काय असते, हा प्रश्न मात्र पुढच्या दुर्घटनेपर्यंत मागे पडतो. दरवेळी असेच होते.

पहाऱ्याने फरक पडतो का? पडतो. ऑस्ट्रेलियात सिडनीच्या बाँडी किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ या दिवशी लागोपाठ आलेल्या मोठ्या लाटांनी शेकडो लोकांना आत ओढले. पाच जण दगावले. त्या दिवशी तिथे जीवरक्षकांचा मोठा ताफा हजर होता, म्हणून बाकीचे परत आले. अमेरिकेतील जीवरक्षकांच्या राष्ट्रीय संघटनेने आपल्या नोंदींवरून काढलेला हिशोब असा, की तिच्या जीवरक्षकांचा पहारा असलेल्या किनाऱ्यावर बुडून मृत्यू येण्याची शक्यता एक कोटी ऐंशी लाखांत एक इतकी कमी असते. आपल्या शेजारी गोव्याने २००८ पासून किनाऱ्यांवर व्यावसायिक जीवरक्षक सेवा उभी केली आणि लाल-पिवळ्या झेंड्यांमधली जागा पोहण्यासाठी, लाल झेंडा म्हणजे पाण्यात उतरायचे नाही, ही भाषा पर्यटकांच्या ओळखीची केली. मुंबईत गिरगाव, दादर, जुहू, वर्सोवा, आक्सा, गोराई इथे महापालिकेचे जीवरक्षक असतात. कोकणात मात्र हा भार बऱ्याच ठिकाणी ग्रामपंचायतीच्या खांद्यावर येतो आणि तिची झेप तिच्या तिजोरीएवढीच असते.

आता त्या मुलाच्या बाजूने पाहू. एकाग्रतेलाही थकवा येतो. दुसऱ्या महायुद्धात रडारवर नजर ठेवणारे सैनिक काही वेळाने खुणा निसटू देतात असे दिसल्यावर ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी प्रयोग केले. १९४८ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, अर्ध्या तासातच माणसाचे लक्ष लक्षणीय घटते. यात आळसाचा संबंध नाही, मेंदूचा तो स्वभावच आहे. आपण मात्र एका जीवरक्षकाला सकाळपासून सूर्यास्तापर्यंत, अनेकदा सावलीविना, शेकडो डोक्यांवर नजर ठेवायला सांगतो. मधल्या वेळात हरवलेले मूल शोधायचे, कालवांनी कापलेल्या पायाला पट्टी बांधायची, वाळूत गाडी घालणाऱ्याशी वाद घालायचा, पावसाळ्याच्या सुमारास निळ्या ‘ब्लू बॉटल’चा डंख बसलेल्याला सावरायचे. उष्माघात, भाजलेली त्वचा, वाळूवरून परावर्तित होणाऱ्या किरणांचा डोळ्यांना होणारा त्रास हे त्याचे व्यावसायिक आजार आहेत. आणि हातात घेऊन बाहेर काढलेला देह जिवंत झाला नाही, तर ती रात्र तो कशी काढतो, हे त्याला सहसा कुणी विचारत नाही.

त्यात नोकरी हंगामी. मे अखेरीस जलक्रीडा बंद होतात, गर्दी ओसरते, कंत्राट संपते. चार पैसे मिळतील तिथे तो जातो. दिवाळीला नवी भरती, पुन्हा नवा मुलगा, पुन्हा पहिल्यापासून शिकवणे. समुद्र वाचण्याचा अनुभव दरवर्षी असा वाहून जातो. शिवाय पावसाळ्यात, समुद्र सर्वांत खवळलेला असताना, उधाण पाहायला आलेल्या पर्यटकांसाठी किनाऱ्यावर कुणीच नसते.

जीवरक्षक येईपर्यंत किंवा तो नसताना बाकीच्यांनी काय करावे, हेही सांगायला हवे. पहिली गोष्ट, उडी मारू नये. एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशी कुटुंबेच्या कुटुंबे गेली आहेत. बुडणारा माणूस जिवाच्या आकांताने वाचवणाऱ्याला दाबतो. तरंगणारे काहीतरी फेकावे : झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, ट्यूब, दोरी. ओढणी किंवा साडी पुढे करावी. जीवरक्षकाला, स्थानिक मच्छीमारांना हाक द्यावी, ११२ किंवा १०८ वर फोन करावा.

दुसरी गोष्ट, बाहेर काढलेल्याचे पोट दाबू नये, त्याला उलटे धरून गरागरा फिरवू नये. ही पद्धत अजूनही गावोगावी दिसते. त्याने फुप्फुसातले पाणी निघत नाही. पोटातले उलटून श्वासनलिकेत जाते आणि मोलाची मिनिटे वाया जातात. बुडालेल्याचे हृदय थांबते ते प्राणवायू संपल्यामुळे. म्हणून त्याला आधी श्वास हवा. तो प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर पाठीवर झोपवावे, डोके मागे करून हनुवटी उचलावी, नाक चिमटीत धरून तोंडाने श्वास द्यावेत. काही देशांची मार्गदर्शक तत्त्वे सुरुवातीला पाच सांगतात, काहींची दोन. मग छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब. ३० दाबांमागे दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबायचे नाही. शुद्धीवर आलेल्यालाही रुग्णालयात न्यावे. पाण्यामुळे फुप्फुसातले वायुकोश उघडे ठेवणारा पातळ थर धुऊन जातो, त्यामुळे काही तासांनी धाप वाढू शकते. खोकला, धाप, तोंडाला फेस किंवा गुंगी असेल तर ‘झोपला की बरा होईल’ म्हणणे महागात पडते.

शासनाने काय करावे? सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर सगळीकडे माणूस कसा उभा करणार, हा आक्षेप नेहमी येतो. पण पर्यटक सातशे किलोमीटरवर पसरत नाहीत; ते मोजक्या किनाऱ्यांवर गर्दी करतात. तिथे जीवरक्षकाचे पद बारमाही करावे. गर्दी नसलेल्या महिन्यांत त्याचा सराव घ्यावा, गावातल्या मुलांना त्याच्याकडून पोहणे आणि प्रथमोपचार शिकवावेत. एका ठिकाणी एकट्याला ठेवू नये. आलटून-पालटून विश्रांती, सावली, पिण्याचे पाणी द्यावे. बचावाची ट्यूब, बोर्ड, प्राणवायूची सोय, मोबाइलची रेंज नसेल तिथे वॉकी-टॉकी, हे साहित्य चैनीचे नव्हे. प्रत्येक बचावाची नोंद ठेवावी, कारण आज आपण फक्त मृत्यू मोजतो, वाचलेले जीव मोजत नाही. आणि त्याच्या शिट्टीमागे कायद्याचे बळ असावे. पैसा कुठून आणायचा, याचे उत्तर किनाऱ्यावरच आहे : वाहनतळाच्या आणि पर्यटनाच्या शुल्कातला ठरावीक हिस्सा या एका कामासाठी राखून ठेवावा.

यातले काहीही होईपर्यंत एक गोष्ट आपल्या हातात आहे. किनाऱ्यावर पोहोचल्यावर हॉटेलच्या मेन्यूआधी भरती-ओहोटीची वेळ विचारा. पाण्यात कुठे उतरायचे ते त्या मुलाला विचारा. प्यायलेले असाल तर उतरूच नका, आणि मुले हाताच्या अंतरावर ठेवा. शिट्टी वाजली की मागे या. ज्या दिवशी त्याला पाण्यात उडी मारावी लागत नाही, तो दिवस त्याने नीट काम केल्याचा दिवस असतो. तसे दिवस वाढवणे त्याच्याइतकेच आपल्याही हातात आहे.