रुग्णनोंद आणि रुग्णाची भाषा

रुग्णालयातील नोंद कागदावरून संगणकावर जाते, तेव्हा केवळ माध्यम बदलत नाही. लेखनाचे स्वरूपही बदलते. एस्टोनियाने २००८ मध्ये राष्ट्रव्यापी नोंदव्यवस्था सुरू केली. अमेरिकेने २००९ च्या कायद्यान्वये रुग्णालयांना आर्थिक प्रोत्साहन दिले. इंग्लंडमध्ये मात्र २००२ मध्ये आरंभलेला राष्ट्रीय कार्यक्रम मोडीत काढण्याचा निर्णय २०११ मध्ये जाहीर झाला. स्थानिक डॉक्टरांना विश्वासात न घेतल्याची टीका त्यावर झाली होती.

भारतात २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. येथे डॉक्टरांइतकेच रुग्णालाही विश्वासात घ्यावयास हवे, आणि ते त्याच्या भाषेतूनच शक्य आहे. मराठी रुग्ण कळ, ठणका, चमक आणि मुरडा यांत भेद करतो. इंग्रजी नोंदीत बहुधा एकच ‘पेन’ उरते. कागदी केसपेपरही इंग्रजीतच लिहिला जाई, हे खरे. परंतु त्याच्या समासात रुग्णाचा शब्द टिपण्यास जागा तरी होती. संकेतांक आवश्यकच आहेत. त्यांवाचून एका रुग्णालयाची नोंद दुसऱ्यास उमगणार नाही. तथापि संकेतांकाशेजारी रुग्णाचे मूळ शब्द त्याच्याच लिपीत नोंदविण्याची सोय असलीच पाहिजे. त्यासाठी वेदनावाचक शब्दांचे कोश सिद्ध करणे, हे भारतीय भाषांच्या अभ्यासकांचे कर्तव्य ठरते.